सोमवारचं खत

कळंबच्या पेठेत महालिंगप्पांच्या घरी जेवायला बसणं सोपं होतं, उठणं अवघड. करडईच्या तेलाचा घाणा आणि पेंडीचं दुकान चालवणारा हा लिंगायत गृहस्थ पंगतीत वाढायला उभा राहिला, की पाहुण्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून तूप खाली जायचं. पाहुणे काकुळतीला येऊन "साकु, अप्पा, साकु" म्हणायचे. साकु म्हणजे कानडीत पुरे. महालिंगप्पांचं कानडी स्वयंपाकघरापुरतंच होतं, पण त्यातलाही नेमका हा एक शब्द त्यांना कधी ऐकू आला नाही.

बोलण्यात मात्र हात आखडता. बायको, गिरिजाबाई, गेली तेव्हा लेक शिवकांता दहा वर्षांची होती. आईविना पोरीशी काय बोलावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तिला शेंगाची पोळी करून घातली. आयुष्यातली पहिलीच पोळी, ती तव्यावर करपली. पोरीनं ती सगळी खाल्ली आणि बापाचं काम झालं. पुढं आठ वर्षं त्या घरात माया ताटातूनच वाढली गेली.

वैशाखात शिवकांताचं लग्न झालं. जावई शरणबसप्पा बिदरला टपालकचेरीत कारकून. मुलगा सालस, पण त्याच्या घरी कानडी, शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. मराठी तो बोलायचा ते निसरड्या पायरीवरून उतरल्यासारखं. सासऱ्याचं कानडी लंगडं, जावयाचं मराठी लंगडं, म्हणून दोघांनी दखनीचा आधार घेतला. निजामाच्या राज्यात निदान तेवढी सोय होती.

मांडवपरतणी आटोपून दोघं निघाली त्या सकाळी सर्व्हिस मोटर दाराशी घरघरत उभी होती. जावई आत बसला होता. शिवकांता परसातून एक कुंडी घेऊन आली. कुंडी म्हणजे गळा फुटलेला माठ. त्याच्या बुडाला भोक पाडून, भोकावर खापरी ठेवून गिरिजाबाईंनी त्यात पिवळी शेवंती लावली होती. दरसाल जुन्या झाडाच्या बुडातली पिलं काढून लावायची, दिवाळीला फुलं घ्यायची, असं करत आईची शेवंती लेकीच्या हाती आली होती. बिदरच्या घराला ना अंगण ना ओसरी. शिवकांतानं ती कुंडी बापाच्या दोन्ही हातांत दिली.

"अप्पा, आईची हाय. दिवाळसणाला येईन तवा फुलं पाहिजेत."

महालिंगप्पांनी मान डोलावली. तेवढ्यात मोटर हलली आणि जावयानं खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "मामा, हर हफ्ते एक खत डालते रहना. भूलना नक्को."

"व्हय अप्पा," शिवकांता डोळे पुसत म्हणाली, "तेवढं इसरू नका. न्हायतर मला तिथं करमायचं न्हाय."

"सोमवार चुकायचा न्हाय, पोरी," महालिंगप्पा म्हणाले.

आता त्या मुलुखात खत म्हणजे टपालातला कागद हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. महालिंगप्पांनाही होतं, नाही असं नाही. कचेरीत पाय ठेवला की बरोबर समजायचं. पण घरी आणि पेठेत ते टपालाला कागद म्हणत, आणि खत म्हणजे गोठ्यातलं. त्यात जावई बोलला त्या घटकेला त्यांच्या दोन्ही हातांत कुंडी. हातात कुंडी धरलेल्या माणसाला कुणी खत टाकत जा म्हटलं, तर त्यानं काय टपालपेटी शोधत हिंडायचं? आणि हा माणूस तर पेंडीचा व्यापारी.

शिवाय आपण कुणाला कागद लिहावा हे त्यांच्या मनात येण्यासारखंच नव्हतं. त्यांच्या घरी कागद यायचा तो कुणीतरी गेल्याचा, कोपरा फाडलेला. टपालवाला दाराशी थांबला की थोरली बहीण चन्नम्मा, जी बालविधवा होऊन माहेरीच राहिली होती, ती आधी कार्डाचे चारी कोपरे तपासायची आणि मगच त्याला गूळपाणी द्यायची. असलं अशुभ बेणं दर आठवड्याला लेकीच्या घरी कोण धाडील?

तेव्हा दर सोमवारी महालिंगप्पा अंघोळ करत, कपाळाला विभूती लावत, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करत आणि मग ओलेत्यानंच परसात जाऊन करडईच्या पेंडीची एक मूठ चुरून शेवंतीला घालत. सोमवार तर शंकराचाच. व्रतात व्रत.

पहिले चार सोमवार शेवंतीनं खुशीत खाल्ले. पानं गर्द हिरवी झाली, देठ अंगठ्याएवढे जाड झाले. महालिंगप्पा गिऱ्हाइकांना परसात नेऊन झाड दाखवू लागले. "जावई टपालात हाय, पर झाडातलं कळतंय त्याला," असं वर कौतुक. चन्नम्मा एकदा म्हणाली, "झाड कसलं, पैलवान झालाय. ह्याला फुलं येणार का मिशा?" महालिंगप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

आषाढ सरता सरता बिदरहून कार्ड आलं. कोपरे शाबूत होते. शिवकांताला लिहिता येत नव्हतं, नवरा तिच्यासाठी लिही आणि तो लिही उर्दूत. महालिंगप्पांना यायची दुकानापुरती मोडी. म्हणून ते तहसील कचेरीपुढं लिंबाखाली बसणाऱ्या वीरप्पा अर्जनवीसांकडं गेले. लोकांचे उर्दू अर्ज लिहून देण्यात वीरप्पांची हयात गेली होती. त्यांच्या पुढ्यात नेहमी दहा माणसं आणि दहा तंटे असायचे, त्यामुळं ते वाचायचे घाईत आणि बोलायचे त्याहून घाईत.

"खैरियत है. अब तक खत नहीं पहुँचा. जल्द डालिए," वीरप्पांनी वाचलं.

"पोचलं न्हाय?" महालिंगप्पा चकित झाले. "अवो, दर सोमवारी घालतो की म्या."

वीरप्पांची नजर पुढच्या माणसाच्या अर्जावर गेलेली होती. "एक घालून भागत नसतंय, अप्पा. हप्त्याला दोन घाला. एखादं तरी पोचंल."

महालिंगप्पांना ते पटलं. पेंड मातीच्या वर बसते, मुळ्या खाली असतात, पोचणार कशी? बिदरला बसून जावयाला हे कसं कळलं, असा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पण टपालातला माणूस, सगळ्या दुनियेची खबर त्याच्या हातांखालून जाते. एका कुंडीची लागली तर नवल कसलं? त्यांनी सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला.

पंचमीला शिवकांता येणार होती, पण सासूचा पाय मुरगळला आणि येणं राहिलं. बिदरला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर महालिंगप्पांनी डबा धाडला. शेंगाची चटणी, कडक भाकरी, करडईच्या तेलाची बरणी. "निरोप काय सांगू?" त्या माणसानं विचारलं.

"निरोप कशाला? डबा हाय की," महालिंगप्पा म्हणाले.

दुसरं कार्ड आलं ते थेट काळजाला लागणारं. "डिब्बा पहुँचा, शुक्रिया. मगर खत नहीं. खत के बगैर दिन ब दिन सूखती जा रही है." वीरप्पांनी वाचून च्च केलं आणि पुढचा अर्ज ओढला.

महालिंगप्पा मात्र हादरले, कारण त्याच आठवड्यात शेवंतीच्या पानांच्या कडा वाळायला लागल्या होत्या. कुणी तव्यावर धरल्यासारख्या तांबूस, चुरचुरीत. जावयाला तेही कळलं होतं. शिवाय डबा पोचला आणि खत पोचलं नाही, याचा अर्थ काय? तिकडंही पोरांनी एखादं रोप लावलं असणार आणि तेही उपाशी मरत असणार. महालिंगप्पांच्या रक्ताचं माणूस उपाशी, मग ते झाड का असेना. त्यांनी इकडं शेवंतीला पेंडीवर शेळ्यांच्या लेंड्यांचा थर दिला आणि तिकडं बिदरच्या टपालकचेरीत, जावयाच्या नावानं, एक पोतं पेंड मोटारीवर चढवली.

भादव्याच्या शेवटी तिसरं कार्ड आलं. "थैला मिला. मतलब समझ में नहीं आया. खत आया तो दिवाली को आएँगे, नहीं तो नहीं."

लिंबाखालून घरी येताना महालिंगप्पा त्याच वाक्याचा अर्थ लावत होते. खत अंगी आलं तर येऊ, नाही तर नाही. म्हणजे शेवंती फुलली नाही तर लेक पहिल्या दिवाळीला उंबऱ्यावर पाऊल टाकणार नाही. त्यांनी घरी येऊन झाडापुढं बैठक मारली. कळी एक नाही. खालची पानं गळालेली, वरची कडेनं जळालेली, आणि माती ओली असूनही शेंडे माना टाकून उभे. अशा झाडाला आणखी खायला घालावं, याशिवाय दुसरं काही सुचायला तो माणूस महालिंगप्पा नव्हता.

वाशीचा बब्रुवान म्हणून एक मळेवाला पेंडीला यायचा. त्याच्याकडं उसासाठी आणलेलं साखरेसारखं पांढरं विलायती खत होतं. लढाईच्या दिवसांत ते औषधालाही मिळत नसे. त्यानं पुडीभर दिलं आणि बजावलं, "अप्पा, ह्ये लई जहाल. चिमटीचिमटीनं घाला."

पुडी दोन मुठींची निघाली. आजाऱ्याला चिमटीनं कुणी जेवू घालतं का, असं म्हणून महालिंगप्पांनी दोन्ही मुठी घातल्या. तिसऱ्या दिवशी शेवंती आडवी झाली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी डाकबंगल्यावरचा म्हातारा माळी दगडोबा दुकानात आला. बंगल्यावर चाळीस कुंड्या होत्या आणि त्या चाळीस कुंड्यांसाठी तो सहा महिन्यांतून एकदा दोन शेर पेंड न्यायचा. "एवढीशीच?" महालिंगप्पा दरवेळी विचारायचे आणि दगडोबा दरवेळी म्हणायचा, "झाडं हायती, अप्पा. म्हशी न्हायत." आज महालिंगप्पांनी काहीच विचारलं नाही. गल्ल्याशी नुसते बसून होते. चन्नम्मानं आतून हाक मारली, "दगडोबा, तुमी जरा परसात या. एक दुखणाईत हाय आमच्याकडं."

दगडोबा कुंडीपुढं उकिडवा बसला. त्यानं आधी झाडाला हात लावलाच नाही. माठ बाहेरून बघितला. खापरावर पांढरी खार फुटली होती, मिठागराच्या भिंतीसारखी. मातीवरही तसलाच पांढरा पापुद्रा. त्यानं नखानं तो खरवडला, जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकला.

"खारट हाय," तो म्हणाला. मग त्यानं कुंडी आडवी करून बुडावर थापट्या मारल्या आणि मातीचा सगळा गोळा अलगद हातावर काढून घेतला. मुळ्यांची टोकं जळक्या वातीसारखी तपकिरी झाली होती. बुडातलं भोक पेंडीच्या गाळानं बुजलेलं होतं. "अप्पा, किती घातलं हिला?"

महालिंगप्पांनी सांगितलं. पेंड सांगितली, गुरुवार सांगितला, लेंड्या सांगितल्या. विलायती पुडीपाशी आवाज जरा खाली आला.

"ही उपाशी न्हाय," दगडोबा म्हणाला, "हिला अजीर्ण झालंय. खारानं मुळ्या भाजल्या. मुळ्या भाजल्यावर तोंडाशी पाणी असून बी झाड तान्हेलंच. तुमाला वाटलं भूक लागली, तुमी आनिक घातलं. जेवढं घातलं तेवढी ती वाळली. हिला काय तुमच्या पाव्हण्यावाणी साकु म्हणता येतंय?"

महालिंगप्पा मातीच्या गोळ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं खाऊन कुणाचं वाईट झालं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं सांगितलं. "गिरिजेची खूण हाय ती, दगडोबा. माझ्या हातनं मरंल का आता?"

"बुडाशी चार मुळ्या पांढऱ्या हायत अजून. बघू." दगडोबानं पापुद्रा खरवडून टाकला, भोक मोकळं केलं, जळालेले शेंडे खुडले. "तुमच्या आडाचं पाणी मचूळ, ते नगं. मांजरा नदीचं गोडं पाणी आना. कुंडी भरंल एवढं हळूहळू वतायचं, खालनं निथळू द्यायचं. असं चार डाव. मंग तिसऱ्या दिशी पुन्यांदा. सकाळचंच ऊन द्या. आन खत न्हाय. पान पिवळं पडलं तरी हात आवरायचा. हिचा उपास हाय असं समजा."

"खत न्हाय म्हणता," महालिंगप्पा कासावीस झाले, "पर जावयानं बजावून सांगितलंय. निघताना सांगितलं, वर तीन कार्डं धाडली. खत आलं तर दिवाळीला येऊ म्हणतोय."

"खत आलं तर?" दगडोबाचे हात थांबले. त्याची हयात साहेबलोकांच्या बंगल्यावर गेली होती, कानावर दिवसभर उर्दू. "जावई कंच्या बोलीत बोलला, अप्पा?"

"दखनीत. हर हफ्ते एक खत डालते रहना म्हणला."

दगडोबानं मातीचा गोळा जपून कुंडीत ठेवला, हात झटकले आणि बराच वेळ जमिनीकडं बघून हसू आवरलं. मग म्हणाला, "अप्पा, बंगल्यावर साहेबाचं खत आलं म्हंजी म्या पळत जातो. पर ते आणून झाडाला घालत न्हाय. मेजावर नेऊन ठिवतो."

चन्नम्माच्या आधी ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. महालिंगप्पांना मात्र हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढून तिन्ही कार्डं सरकत गेली. खत नहीं पहुँचा. खत के बगैर सूखती जा रही है. ते शेवंतीबद्दल नव्हतं, शिवकांताबद्दल होतं. बिदरला एक नवरा रोज शेकड्यांनी लोकांची पत्रं निवडून घरी येत होता, आणि एक पोर रोज दारात उभी राहून विचारत होती, आणि बापानं काय धाडलं होतं? एक पोतं पेंड.

"सतरा सोमवार झाले, आक्का," ते म्हणाले. "म्या तर एक बी चुकवला न्हाय."

तो दिवस सोमवार नव्हता, तरी ते तसेच मातीच्या हातांनी कचेरीपुढच्या लिंबाखाली गेले. वीरप्पांपुढं माणसं होती. महालिंगप्पा कधी नव्हे ते रांग सोडून पुढं बसले. "एक खत ल्हिवायचंय. झाडाचं न्हाय, कागदाचं."

वीरप्पांनी सगळी हकीकत ऐकली आणि त्यांचा दौतीतला टाक दौतीतच राहिला. हप्त्याला दोन घाला, हे आपणच म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं. "अप्पा," ते ओशाळून म्हणाले, "शेतात पडतंय ते खाद. पेटीत पडतंय ते खत. म्या एकदा जरी मान वर करून तुमच्याकडं बघितलं असतं तरी कळलं असतं." ते लिहिणावळ घेणार नाहीत हे त्यांनी तिथंच जाहीर केलं.

पण लिहिणं काही सोपं गेलं नाही. वीरप्पांनी जन्मभर अर्जच लिहिलेले. "बखिदमत जनाब दामादसाहब, फिदवी अर्ज करता है," अशी त्यांनी झोकात सुरुवात केली. "हं, मागणी काय?"

"दिवाळीला या."

"सबब?"

"सबब म्हंजी?"

"कारण, अप्पा. कारणाबिगर अर्ज टिकत न्हाय."

महालिंगप्पांनी इकडं तिकडं बघितलं. मागं बांधाच्या भांडणाची चार माणसं, म्हशीच्या चोरीची दोन, सगळी कान देऊन बसलेली. आयुष्यात जे घरातल्या घरात, दार लावूनसुद्धा म्हटलं नव्हतं, ते आता तहसील कचेरीपुढं भर बाजारच्या दिवशी सांगायचं होतं. एकदा वाटलं, उठावं आणि आणखी एक डबा धाडून द्यावा.

"ल्हिवा," ते शेवटी म्हणाले, "शिवकांताची लई सय येती."

वीरप्पांचा टाक थांबला. "सय. उर्दूत सयीला काय म्हणावं?" ते पुटपुटले आणि त्यांनी "याद" लिहिलं. मागच्या म्हैसवाल्यानं उगाचच नाक ओढलं.

कार्ड पेटीत टाकून महालिंगप्पा घरी आले आणि घागर घेऊन मांजरेवर गेले. चार वेळा कुंडी भरून पाणी हळूहळू सोडलं. पहिल्यांदा खालून चहासारखं लालकाळं पाणी आलं, चौथ्यांदा जवळजवळ नितळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. खरी परीक्षा पुढच्या सोमवारी आली. पूजा झाली आणि हात आपोआप पेंडीच्या पोत्याकडं गेला. चन्नम्मा दारातच उभी होती. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. महालिंगप्पांनी हात धोतराला पुसला आणि लिंबाखाली जाऊन दुसरं खत लिहवून घेतलं. त्यात लिहिण्यासारखं फार नव्हतं. आक्का बरी आहे. झाडाची तीन पानं गळाली. घर रिकामं वाटतं. वीरप्पांनी त्याच्याखाली सवयीनं "वाजिब समझकर अर्ज किया" असं ठोकून दिलं.

दसऱ्यानंतर शेवंतीच्या बुडातून एक कोवळी फूट वर आली. मग दुसरी, आणि वाचलेल्या देठांवर बारीक कळ्या. महालिंगप्पा रोज सकाळी तिच्यापुढं बसत आणि दोन्ही हात काखेत धरून ठेवत. एकदा एक पान पिवळं पडलं तेव्हा ते अर्ध्या रस्त्यातून पेंड घेऊन परत फिरले, पण फिरले. आठवड्यानं बिदरचं कार्ड आलं. चन्नम्मानं कोपरे बघितले नाहीत. वीरप्पांनी या वेळी पुढ्यातले सगळे कागद बाजूला सारून, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "खत पहुँचा. आते हैं."

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी मोटर दाराशी थांबली. जावई उतरला तो आधी सासऱ्याच्या पाया पडला आणि मग गंभीरपणे म्हणाला, "मामा, आपने पेंड भेजी थी ना. मैं पूरी कचेरी के गुलाब को डाल दिया. सब मर गए." चन्नम्मा हसता हसता उंबऱ्यावरच बसली.

शिवकांता सरळ परसात गेली. ती खरंच वाळली होती, हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. महालिंगप्पा मागं उभे राहिले, गुन्हेगारासारखे. कुंडीत एवढंसं रोप होतं, बेताच्या पानांचं, आणि त्याला चार फुलं. दरसाल माठ झाकून जाई इतकी शेवंती, आणि यंदा चारच, तीही रुपयाएवढी.

"चारच आली, पोरी," ते म्हणाले.

तिनं फुलांना हात लावला.

दुपारी पानं मांडली. महालिंगप्पा वाढायला उभे राहिले. शेंगाची पोळी, तिच्यावर तूप, भात, त्यावर तूप, मग पुन्हा पोळी. तिसऱ्या पोळीला शिवकांतानं पानावर हात आडवा धरला.

"साकु, अप्पा."

महालिंगप्पांचा पोळी धरलेला हात थांबला. त्यांनी पोळी परत ताटात ठेवली. चन्नम्मा बघत राहिली, जावई बघत राहिला. या घरात असं कधी झालं नव्हतं. बाप तिथंच, लेकीच्या पानासमोर, खाली बसला. आता हातात वाढायला काही नव्हतं आणि करायला काही नव्हतं.

"अप्पा," शिवकांतानं खालमानेनं विचारलं, "ह्यांनी तुमचं खत वाचलं तवा त्यात याद असं ल्हिलेलं हुतं. म्या रोज वाचून घ्यायची. पर याद ह्यो तुमचा शब्द न्हाय. तुमी काय म्हणला हुता?"

महालिंगप्पांनी एकदा दाराकडं बघितलं, एकदा तुपाच्या वाटीकडं. मग लेकीकडं बघितलं.

"सय," ते म्हणाले. "तुजी लई सय येती, पोरी."

शिवकांतानं पानावरचा हात काढला आणि ती म्हणाली, "आता अर्धी पोळी वाढा."

त्यांनी अर्धीच वाढली.